गरम हातमोज्यांचा हिवाळा

त्या रिमोटला एकच बटण होतं, आणि त्या एका बटणाने माझा अख्खा हिवाळा खाल्ला. एकदा दाबलं की जॅकेट, लागोपाठ दोनदा दाबलं की हातमोजे. दाबून धरलं की चालू, आणि जरा जास्त वेळ दाबून धरलं की बंद. दिवा लाल असला तर कडक गरम, पांढरा असला तर मध्यम, निळा असला तर बेताचं. बटण हरभऱ्याच्या डाळीएवढं. ज्या माणसाची बोटं थंडीने बधिर होतात त्याच्यासाठी केलेली वस्तू, आणि ती चालवायची तर आधी बोटं धड हवीत! ही अक्कल कोणी लढवली ते मला आजवर कळलेलं नाही. भेटला असता तर चार शब्द सुनावले असते.

मी बांगड्या भरते. आमचं घर मणियारांचं, पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. स्वारगेटजवळ आमचं लहानसं दुकान आहे, ते नवरा सांभाळतो. पूर्वी दुकानाच्या मागेच राहायचो; मुलगा नोकरीला लागल्यावर वारज्यात फ्लॅट घेतला. दुकानात येणाऱ्या बायका हल्ली आपल्याच हाताने बांगड्या चढवून बघतात, फोटो काढतात आणि 'विचार करून सांगते' म्हणून निघून जातात. माझं काम निराळं आहे. लग्नघरी जायचं, नवरीला हिरवा चुडा भरायचा, तिच्या आईला, मावश्यांना, आत्यांना भरायचा. हे काम मी माझ्या अम्मीकडून शिकले. घरात आम्ही दख्खनी बोलतो, पण इथे सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण जन्मभर बायकांचे हात हातात घेऊन मी हीच भाषा बोलत आले.

पत्र्याची पेटी मोटारसायकलच्या मागे बांधून मी घरोघरी जाते. स्कूटर का नाही, असं मला निम्म्या पुण्याने विचारून झालं आहे. स्कूटरचं चाक लहान, ते खड्ड्यात धपकन उतरतं आणि पेटीतली काच किणकिणते. रिक्षावाल्याला 'जरा हळू घ्या, बांगड्या आहेत' म्हटलं की तो म्हणतो, 'मग चालत न्या.' मोटारसायकलवर मी माझी मुखत्यार असते. वारजे ते स्वारगेट वाटेतला एकेक गतिरोधक मला पाठ आहे.

आता कामाची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बांगडी भरताना हाताकडे बघायचं नसतं. बघायचं समोरच्या बाईच्या तोंडाकडे, आणि अखंड बोलत राहायचं. सासर कुठलं, नवरा चहा करतो का, कालची मेंदी कोणी काढली, काहीही. बोलण्यात ती गुंतली की हात सैल पडतो. तेवढ्यात आपल्या बोटांनी तिचा अंगठा तळव्यात मिटवायचा, अंगठ्याखालचं हाड कुठे आहे ते चाचपायचं, आणि ते दबल्याच्या क्षणी बांगडी वरून सरकवायची. तो क्षण बोटांना कळतो, डोळ्यांना कळत नाही. अम्मी मला डोळे मिटायला लावून भरायला शिकवायची. 'बघशील तर घाबरशील, आणि तू घाबरलीस की ती घाबरेल,' असं म्हणायची. बांगडी जितकी घट्ट बसते तितकी शोभते. दोन-सहाच्या हाताला दोन-चारची, एक माप लहान बांगडी न दुखवता चढवणारी ती खरी भरणारी.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून माझ्या बोटांचं बिनसायला लागलं. फजरची नमाज आटोपून निघायचं, कारण बहुतेक मुहूर्तवाल्यांना चुडा सकाळीच हवा असतो. डिसेंबरात राजाराम पुलावर नदीवरून असा गारठा अंगावर येतो की हँडलवरचे हात आपले वाटत नाहीत. लग्नघरी पोचल्यावर मी आधी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसायची. बायकांना वाटायचं मला चहाची भारी हौस.

मग गेल्या हिवाळ्यात ते झालं. कर्वेनगरमधली नवरी होती, लहानखुरी, बडबडी. मी तिच्या तोंडाकडे बघत बोलत होते, हाड दबलं असं समजून मी बांगडी सरकवली, आणि ती तिच्या हातावरच वाढवली. आम्ही बांगडी फुटली असं कधी म्हणत नाही. पण शब्द कसाही फिरवला तरी काच ती काचच. मुलीच्या हातातून रक्त आलं. तिची आजी उठून नुसती देवघराकडे गेली. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून कोणाला साधा ओरखडा गेला नव्हता.

जवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बोटं दाबून, टोचून बघितली आणि म्हणाल्या, 'नसांची एक तपासणी करून घ्या. नुसत्या थंडीने इतकं होऊ नये.' मी म्हटलं, 'थंडीच आहे हो, मी मोटारसायकलवर येते-जाते.' त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मी ती पर्समध्ये ठेवली. उन्हाळ्यात बोटं बरी असतात, असं मी घरात सगळ्यांना सांगत होते.

नवऱ्याने मात्र विषय सोडला नाही. तो फार बोलणारा नाही, पण एकच गोष्ट महिनाभर बोलू शकतो. 'दुकानात बस. गल्ल्यावर मी एकटा पुरत नाही.' गल्ल्यावर तो एकटा पुरून उरतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. शेवटी चिडून मी म्हटलं, 'येत्या मोसमात एक जरी बांगडी कोणाच्या हातावर वाढवली, तर मी स्वतः पेटी खाली ठेवीन. मग बसते तुझ्या गल्ल्यावर.' त्याने मान हलवली. त्याला हेच हवं होतं.

माझा मुलगा बंगळुरूला असतो. त्याच्या ऑफिसातले काही जण सुट्टीत मोटारसायकली घेऊन बर्फात फिरायला जातात. त्यांच्याकडून त्याला या गरम कपड्यांचा शोध लागला आणि यंदाच्या थंडीच्या तोंडावर त्याने मला एक भलंमोठं खोकं पाठवून दिलं. आत काळं जॅकेट, काळे हातमोजे, वायरींचं जाळं आणि तो रिमोट. व्हिडिओ कॉलवर तो इतका खूश होता की मला नाही म्हणवेना.

'अम्मी, हे बघ, वायरलेस आहे. हँडलला रिमोट बांधायचा, टेंपरेचर कंट्रोल तुझ्या हातात. आधी पेअर कर. ब्लिंक होतंय का स्टेडी आहे?'

'लुकलुकतंय.'

'मग पेअर नाही झालं. परत ऑफ करून ऑन कर.'

'कशाने ऑफ करू?'

'बटण लाँग प्रेस कर.'

'किती लांब?'

तो हसायला लागला आणि मला खरंच राग आला. नवरा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचल्याचं दाखवत होता, त्याचं पान काही उलटत नव्हतं. बऱ्याच खटपटीनंतर जॅकेटवरचा दिवा स्थिर झाला. 'झालं!' मुलगा ओरडला. हातमोजे गार होते. रिमोटने जॅकेट धरलं होतं आणि हातमोजे सोडून दिले होते. मला जॅकेट नकोच होतं. छातीला कुठे थंडी वाजत होती?

पहिल्या दिवशी मी ते सगळं अंगावर चढवून खाली उतरले. जॅकेटच्या छातीवर बटणाएवढा दिवा, तो लाल. सोसायटीतले एक निवृत्त काका दुधाची पिशवी घेऊन येत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, 'वहिनी, चंद्रावर निघालात? येताना अर्धा लिटर आणा, मला एक पिशवी कमी मिळाली.' मी हेल्मेटची काच खाली केली.

त्या खोक्यातल्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे सगळ्याच्या वायरी गाडीच्या बॅटरीला जोडल्या होत्या. राजाराम पुलावर हात खरोखर गरम झाले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. ऊब मनगटापासून चढत गेली आणि मी हेल्मेटमध्ये एकटीच हसले. स्वारगेटच्या सिग्नलला मी थांबले. सिग्नल लांबलचक, गाडी नुसती धुगधुगत उभी. छातीवरचा दिवा लालचा निळा झाला, मग मालवला, आणि त्याच्या मागोमाग गाडीही बंद पडली. बटण दाबलं, किक मारली, काही नाही. मागून हॉर्नचा गदारोळ. शेजारच्या स्कूटरवरचा माणूस वाकून म्हणाला, 'मॅडम, तुमची बॅटरी लो दिसतेय.' माझी, गाडीची नव्हे, असं त्याचं म्हणणं होतं. मी पेटीसकट गाडी ढकलत कडेला नेली. आत बांगड्या, बाहेर बसगाड्या, आणि मी गरम जॅकेटमध्ये घामाने निथळत होते. रडू येईल की शिवी येईल ते समजत नव्हतं.

दुकानाजवळच्या गॅरेजवाल्याने सीट काढून वायरी पाहिल्या.

'काकू,' तो म्हणाला, 'ही गाडी हेडलाइट लावायलासुद्धा विचार करते. तुम्ही तिच्यावर शेगडी ठेवलीत.'

मुलाला फोन केला. तो म्हणाला, 'अगं, वायरी नकोतच, वेगळे बॅटरी पॅक मिळतात, जॅकेटच्या खिशात आणि हातमोज्यांच्या आतच बसतात. मी पाठवतो.' मग ते आले. रात्री मोबाइल, नवऱ्याचा मोबाइल, उजवा हातमोजा, डावा हातमोजा आणि जॅकेट असे पाच जण ओळीने चार्जिंगला लागायचे. घरात पाहुणे आल्यासारखे प्लग कमी पडायला लागले.

गाडीची कटकट मिटली, पण रिमोटचं काय? मी दर सिग्नलला चिडत असे. गाडी थांबली की तो झोपी जायचा. वीज वाचवतो म्हणे. जागा झाला की पुन्हा निळ्यावर. मग लालवर न्यायला बटण दाबायचं, तर जाड हातमोज्यातून बटण लागतंय की नाही ते कळायचं नाही. हातमोजा काढावा तर बोट गारठ्याने बधिर, त्यालाही कळायचं नाही. एका सिग्नलला मी ते दाताने दाबायचा प्रयत्न केला, तर हेल्मेट आडवं आलं. कधी उजवा गरम आणि डावा गार, कधी दोन्ही गार आणि जॅकेट भट्टी. लग्नघरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असायचं आणि हात जसेच्या तसे. मी सांभाळून, सैल मापाच्या बांगड्या भरून वेळ निभावत होते. एका बाईने आरशासमोर हात हलवून विचारलंही, 'जरा ढिल्या नाहीत का हो?' मी म्हटलं, 'आता हीच फॅशन आहे.'

आणि मग लाखेच्या बांगड्यांचा प्रताप झाला. त्यासाठी मी रिमोटला जन्मभर माफ करणार नाही. आमच्या धंद्यात एक सवय असते. पेटीत मोकळी जागा ठेवायची नाही. जागा राहिली की काच हलते. त्यामुळे अंगावरचं जे काही काढू, शाल, स्वेटर, ओढणी, ते पेटीत बांगड्यांच्या मधे कोंबायचं. माझी अम्मी हेच करायची, तिची अम्मीही हेच करायची. शालीने कोणाचं काही बिघडलं नाही.

त्या दिवशी सकाळचं एक घर आटोपून मी दुपारी दुसरीकडे निघाले. पुण्यातली डिसेंबरची दुपार म्हणजे ऊन चांगलं चटका देतं. हातमोजे काढले, रिमोटवर बटण दाबून धरलं, आणि नेहमीप्रमाणे हातमोजे पेटीत, बांगड्यांच्या मधोमध, नीट घट्ट बसवले. उन्हात दिवा दिसत नव्हता. मी बंद केलं असं मी समजले. रिमोटने मात्र लाल केलं असं समजून घेतलं.

दुसरं घर मारवाडी कुटुंबाचं होतं. त्यांना नवरीसाठी लाखेचे चुडे हवे होते, लाल, सोनेरी खड्यांचे, खास सांगून मागवलेले. सगळ्या बायका गोल करून बसल्या. मी पेटी उघडली तर वास आला. मणियाराच्या घरात वाढलेल्या कोणालाही तो वास झोपेतसुद्धा ओळखता येईल. लाख तापल्याचा वास. गोल चुडे बसकण मारून लांबोडके झाले होते, एकमेकांना चिकटले होते, आणि डाव्या हातमोज्याने त्यातले दोन कवटाळून धरले होते. ओढून काढले तर खडे हातमोज्यावर राहिले.

घरातल्या सासूबाईंनी एक चुडा उचलून उजेडात धरला. 'हे पायात घालायचे आहेत का?' त्यांनी विचारलं.

काचेची बांगडी कितीही तापली तरी काच राहते, म्हणून आम्ही गरमपणाचा कधी विचारच केला नव्हता. आणि शालीला रिमोट नसतो. दुसऱ्या दिवशी नवे चुडे पोचवले, पण त्या घरी ते मी भरले नाहीत. त्यांनीच 'ठेवून जा, आम्ही बघू' म्हटलं. त्या रात्री मी हातमोजे भिंतीवर फेकून मारले. नवऱ्याने ते उचलून चार्जिंगला लावले. तेवढ्यासाठी त्याची 'दुकानात बस'ची भुणभुण मी माफ केली.

माझं सगळं लक्ष खरं म्हणजे एका घराकडे लागलं होतं. मार्केट यार्डात गुळाचा व्यापार असलेल्या एका घरातल्या वहिनी. मी स्वतः लग्नाच्या वयाची असताना पहिल्यांदा एकटीने, अम्मी शेजारी नसताना, ज्या नवरीला चुडा भरला ती ही. तिला माझ्या हाताची सवय आणि मला तिच्या. तिच्या मंगळागौरीला मी भरल्या, डोहाळजेवणाला मी भरल्या, धाकट्या जावेच्या लग्नाला भरल्या. कर्वेनगरचा प्रकार तिच्या कानावर गेला होता. पुण्यात असल्या गोष्टी फार लवकर पोचतात. तरी तिने जानेवारीत फोन केला. 'भाभी, माझ्या लेकीला तुम्हीच भरायच्या. घट्ट भरा. सैल भरलेल्या मला चालणार नाहीत.'

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मी लगेच हातमोजे चार्जिंगला लावले.

नवरा म्हणाला, 'दुसऱ्या कोणाला पाठवू का? बहिणीची सून भरते चांगली.' मी म्हटलं, 'हातमोजे चालले तर काही अडत नाही.' माझी बोटं चांगली आहेत, थंडी वाईट आहे. थंडीचा बंदोबस्त आहे, पण रिमोट वाईट आहे. माझं सगळं म्हणणं एवढंच होतं, आणि ते मला स्वतःला अगदी पटलेलं होतं. मुलाने एका रविवारी फोनवर तासभर बसून सगळं मुळापासून पुन्हा जुळवून दिलं. झोपण्याची सवय बंद केली, जॅकेट काढून टाकलं, फक्त हातमोजे ठेवले. बटण दोनदा दाबायची भानगडच राहिली नाही. एवढं करता येत होतं तर आधी का नाही केलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, 'तू ओरडणं थांबवलंस कधी?'

वहिनींकडे जायच्या त्या सकाळी थंडी सणसणीत होती. मी रिमोट चालू केला. दिवा लाल. कर्वेनगरला लाल, राजाराम पुलावर लाल, दांडेकर पुलाला लाल. स्वारगेटच्या सिग्नलला मी श्वास रोखून दिव्याकडे बघत राहिले. हिरवा लागला, सगळी वाहनं सुटली, आणि दिवा लालच होता. सबंध हिवाळ्यात पहिल्यांदा तो वागायचा तसा वागला होता. डाव्या हातमोज्यावर लाखेचे सोनेरी खडे अजून चिकटलेले होते, ते चमकत होते. मला वाटलं, जमलं. आता बघते मी एकेकाला.

त्यांच्या घरी चटई अंथरलेली होती, पाट मांडला होता, हळदीकुंकवाचं तबक तयार होतं. वहिनी दारातच आल्या. 'चहा आधी?' त्यांना माझी सवय माहीत. मी म्हटलं, 'आज नको. आज गरज नाही.' आणि ऐटीत बसले. नवरी समोर बसली, मी तिचा हात हातात घेतला.

'अय्या मावशी, किती गरम आहेत तुमचे हात!' ती म्हणाली. 'एकदम सो कोझी.'

मी हसले. तिच्या तोंडाकडे बघत बोलायला सुरुवात केली. सासर कुठे, ऑफिस किती लांब, तो स्वयंपाक करतो का. बोलता बोलता तिचा अंगठा मिटवला आणि हाड चाचपायला बोटं फिरवली.

हाड सापडेना.

मी पुन्हा बोटं फिरवली. तिच्या हाताला माझ्या हाताची ऊब लागत होती, ती तसं म्हणत होती. पण माझ्या बोटांना तिचा हात जाड रजईखालून चाचपल्यासारखा लागत होता. कुठे मऊ, कुठे कडक, काही वेगळं होत नव्हतं. मी बोटं चोळली. ती गरम होती. गारठा नव्हता, सिग्नल नव्हता, दिवा लाल होता, सगळं जागच्या जागी होतं. दोष द्यायला मला काही म्हणजे काही उरलं नव्हतं. पर्समधली डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी मला तेव्हा आठवली. मला इतकी भीती वाटली की पुढचं वाक्यच सुचेना.

मी मान खाली घातली आणि तिच्या हाताकडे बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बघून भरायला लागले. 'बाळ,' मी म्हटलं, 'हाड दबलं की मला सांग. दुखलं तरी सांग, लाजू नकोस.' ती गोंधळली. 'म्हणजे कुठे?' मी तिचं बोट धरून तिला जागा दाखवली. आणि मी गप्प झाले. बघायचं आणि बोलायचं, दोन्ही एकदम मला येत नाही. मी गप्प झाल्यावर पोरीचा हात ताठ होत गेला. घट्ट बांगडी त्या हातावर सरकणार कशी?

वहिनींनी ते पाहिलं. माझ्या हातून भरलेल्या बाईला ते कळल्यावाचून राहणारच नव्हतं. मी खाली बघते आहे, आणि मी बोलत नाही. मग चटईवर माझ्या शेजारी येऊन बसल्या, लेकीची हनुवटी धरून तिचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि बोलायला लागल्या. स्वतःच्या लग्नात हिच्या बाबांनी अंतरपाटाखालून आपल्याच मामांच्या पायावर पाय दिला होता ती गोष्ट. बाबांनी पहिल्यांदा केलेल्या पोह्यांची गोष्ट. मुलगी हसायला लागली, हात सैल पडला. हसता हसता मधेच 'हां, आता' म्हणायची, आणि मी बांगडी सरकवायची. वहिनी बोलत राहिल्या. एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, आणि त्याचाच मला राग आहे, दोन्ही.

एकही बांगडी वाढवली नाही. दोन-चारचं माप, घट्ट बसलेलं, दोन्ही हात हिरवेगार. मुलगी वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा मी तिचे हात धरले. ते मला जेमतेम कळले. वहिनींना भरायच्या होत्या, जावेला भरायच्या होत्या. त्या म्हणाल्या, 'आमचं दुकानात येऊन भरू, भाभी. सावकाश.' मी मान हलवली. नवऱ्याशी लावलेली पैज मी जिंकले होते आणि पेटी कुलूप लावून उचलताना मला माहीत होतं की ती मी आता खाली ठेवणार आहे.

खाली येऊन गाडीला पेटी बांधत होते तेवढ्यात मुलाचा फोन आला.

'अम्मी, आज डिसकनेक्ट झालं का?'

'नाही.'

'सिग्नलला?'

'सिग्नलला पण नाही. घरापासून इथपर्यंत लाल होता.'

'बघ! मी म्हणत नव्हतो? उगाच इतके दिवस त्या हातमोज्यांना शिव्या घालत होतीस.'

मी हातमोजे हातात घेऊन उभी होते. डाव्यावरचा एक सोनेरी खडा निघाला आणि खाली पडला. पडताना तो माझ्या बोटांना लागला असणार, पण मला तो फक्त दिसला.

'हो रे,' मी म्हटलं. 'हातमोज्यांचा काही दोष नव्हता.'